खडूने काढलेला नळ

विद्यार्थी मित्रहो, कोळ्याचे जाळे, गिर्यारोहकाचा दोर आणि तुमच्या पायांतले मोजे यांत साम्य कोणते? या तिन्ही वस्तू बहुधा नायलॉनच्या असतात. नायलॉनचा एक प्रकार कॅप्रोलॅक्टम नावाच्या रसायनापासून बनवतात. हे रसायन तयार करणाऱ्या एका कारखान्याची हकिकत आज आपण पाहणार आहोत. हा कारखाना मोठा केला गेला, मग त्यात एक तात्पुरता फेरफार केला गेला, आणि त्या फेरफाराकडे बाहेरच्या एकाही जाणकार अभियंत्याची नजर गेली नाही. याचा परिणाम काय झाला हे समजले, की कारखान्याच्या कामावर स्वतंत्र तांत्रिक देखरेख कशासाठी लागते हेही आपोआप समजेल.

साडेतीन पट मोठा कारखाना

इंग्लंडच्या पूर्व भागात, लिंकनशायर परगण्यात, ट्रेंट नदीच्या काठी फ्लिक्सबरो हे खेडे आहे. तेथे नायप्रो नावाच्या कंपनीचा कारखाना होता. १९६७ पासून तेथे फिनॉल या रसायनापासून कॅप्रोलॅक्टम बनू लागले. वर्षाला सुमारे २०,००० टन उत्पादन काढण्याची त्याची क्षमता होती. १९७२ साली कारखान्याचा विस्तार झाला आणि ही क्षमता ७०,००० टनांवर गेली.

क्षमता साडेतीन पट झाली एवढाच हा बदल नव्हता. कच्चा मालही बदलला. फिनॉलऐवजी आता सायक्लोहेक्झेन हा द्रव वापरात आला. सायक्लोहेक्झेन पेट्रोलसारखाच चटकन पेट घेतो. उघड्या भांड्यात तो ८१ अंश सेल्सियसला उकळतो. कारखान्यात मात्र तो १५५ अंशांपर्यंत तापवून त्यात हवा सोडत. मग तो उकळून वाफ का होत नसे? त्याचे उत्तर तुमच्या स्वयंपाकघरात आहे. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे पाणी १०० अंशांच्या वर गेले तरी द्रवच राहते. येथेही टाक्यांतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ८.८ किलोग्रॅमने अधिक ठेवलेला असे. दाबाखालच्या कुकरचे झाकण उडाले तर आतल्या पाण्याचा काही भाग क्षणार्धात वाफ होऊन उसळतो. पाण्याची वाफ भाजते, पण ती पेटत नाही. सायक्लोहेक्झेनची वाफ हवेत मिसळली की तिला एक ठिणगी पुरते.

अशा सहा मोठ्या टाक्या ओळीने उभ्या होत्या. प्रत्येक टाकी आधीच्या टाकीपेक्षा १४ इंच खाली बसवलेली होती, म्हणजे द्रव आपल्याच वजनाने एका टाकीतून दुसरीत वाहत जाई. शेजारच्या टाक्या २८ इंच व्यासाच्या आखूड नळांनी जोडल्या होत्या. प्रत्येक जोडनळात वळ्यावळ्यांचा एक लवचिक भाग असे. हार्मोनियमच्या भात्यासारखा तो आखडतो आणि ताणला जातो, म्हणून आपण त्याला भाताच म्हणू. लोखंड तापल्यावर प्रसरण पावते. ते प्रसरण सामावून घेणे हे या भात्याचे काम.

पाचव्या टाकीला तडा

२७ मार्च १९७४ च्या संध्याकाळी पाचव्या टाकीतून सायक्लोहेक्झेन झिरपताना दिसले. दुसऱ्या दिवशी पाहिले, तर टाकीच्या पोलादी कवचाला सुमारे सहा फूट लांबीचा उभा तडा गेला होता. टाकी काढून टाकण्यावाचून गत्यंतर नव्हते. पण सहापैकी पाच टाक्यांवरही काम भागणार होते. मग चौथी टाकी सरळ सहाव्या टाकीला जोडली तर?

तसे ठरले. टाक्यांची तोंडे २८ इंचांची होती, पण त्या मापाचा नळ हाताशी नव्हता. २० इंचांचा होता, तोच घेतला. चौथ्या टाकीचे तोंड सहाव्या टाकीच्या तोंडापेक्षा १४ इंच उंच होते, म्हणून नळाला दोन ठिकाणी वाक द्यावा लागला. त्याची दोन टोके जुन्या दोन भात्यांना जोडली आणि मधला भार इमारत बांधताना उभारतात तसल्या परातीवर टेकवला. या नळाचा कागदावर आराखडा झालाच नाही. कार्यशाळेच्या फरशीवर खडूने पूर्ण मापाची आकृती काढली आणि तिच्या आधारे नळ जोडला. चार-पाच दिवसांत सारे उरकले व १ एप्रिलला कारखाना पुन्हा सुरू झाला.

हे लोक बेफिकीर होते असे समजू नका. त्यांनी दोन गोष्टी हिशेब करून पाहिल्या होत्या. एक, २० इंचांच्या नळातून पुरेसा द्रव वाहील का? आणि दुसरी, एवढ्या मापाचा सरळ नळ आतला दाब सहन करील का? दोन्ही उत्तरे होकारार्थी आली. पण त्यांचा नळ सरळ नव्हता आणि त्याच्या दोन्ही टोकांना लवचिक भाते होते. या बाबीचा हिशेब कोणी केला नाही.

तो हिशेब आपण करू

हा हिशेब नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला सहज करता येईल असा आहे. पाटी-पेन्सिल घ्या.

२८ इंच म्हणजे सुमारे ७१ सेंटिमीटर. एवढ्या व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ३,९६० चौरस सेंटिमीटर भरते. दर चौरस सेंटिमीटरवर ८.८ किलोग्रॅम दाब आहे. म्हणजे एकूण जोर ३,९६० गुणिले ८.८, सुमारे ३५,००० किलोग्रॅम किंवा ३५ टन. दहा टन माल भरलेल्या साडेतीन ट्रकांतील मालाचे वजन एका तोंडावर रेटत आहे असे समजा.

पक्क्या जोडलेल्या सरळ नळात हा जोर नळाची भिंतच ताणून धरते आणि बाहेर काही जाणवत नाही. भाता मात्र ताण धरू शकत नाही, तो लांबतो. त्यामुळे दोन्ही टोकांकडचा जोर मधल्या नळाला समोरासमोरून दाबू लागतो.

आता एक प्रयोग करून पाहा. वर्गातला एक हलका बाक मोकळ्या जागी ठेवा. दोन मुलांनी त्याच्या दोन टोकांना उभे राहून अगदी एका रेषेत परस्परांच्या दिशेने सारखाच जोर लावावा. बाक हलणार नाही. मग एकाने थोडे डावीकडे आणि दुसऱ्यानेही आपल्या डावीकडे सरकून पुन्हा तेवढाच जोर लावावा. बाक गर्रकन फिरेल. दोन जोर सारखे व विरुद्ध असले, पण एका रेषेत नसले, तर त्यांचे बलयुग्म होते आणि ते वस्तूला फिरवते.

फ्लिक्सबरोच्या नळावरचे दोन जोर एका रेषेत नव्हते, १४ इंच म्हणजे सुमारे ३५.५ सेंटिमीटर अंतरावर होते. ३५ टन गुणिले ०.३५५ मीटर, म्हणजे बारा टन-मीटरहून अधिक बलयुग्म त्या नळाला सतत पिळत होते. खाली परात होती ती नळाचे वजन तोलायला. नळ फिरू नये म्हणून काहीही केलेले नव्हते. भाते तयार करणाऱ्या कंपनीच्या मार्गदर्शिकेत, एका रेषेत नसलेल्या दोन भात्यांमध्ये असा मोकळा नळ जोडू नये, अशा अर्थाची सूचना होती. ती मार्गदर्शिका कोणी उघडली नाही. नळांच्या बांधणीसाठी ब्रिटिश मानक होते. तेही कोणी पाहिले नाही.

चाचणी झाली, पण कशाची?

नळ बसवल्यावर त्याची चाचणी झाली होती. नायट्रोजन वायू भरून दाब ९ किलोग्रॅमपर्यंत नेला आणि कोठे गळती नाही ना हे पाहिले. पण याच यंत्रणेची सुरक्षा-झडप ११ किलोग्रॅमला उघडणारी होती. म्हणजे कारखाना चालू असताना दाब ९ च्या वर जाणे शक्य होते, आणि त्या दाबाला नळाची परीक्षा झालीच नव्हती. गळती नाही म्हणजे मजबुती आहे असे होत नाही. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधताना आपण थोडीच हवा भरतो. तेवढ्याने ती ट्यूब माणसाचे वजन पेलील की नाही हे कळत नाही.

दाबाच्या भांड्यांची मजबुती तपासण्याचा रूढ मार्ग म्हणजे त्यात पाणी भरून चालू दाबापेक्षा बराच अधिक दाब देणे. पाणी फारसे दाबले जात नाही, म्हणून त्यात ऊर्जा साठून राहत नाही. भांडे फुटलेच तर पाणी सांडते आणि प्रकरण तेवढ्यावर निभावते. दाबलेला वायू मात्र ताणलेल्या स्प्रिंगसारखा असतो. पाण्याने अशी चाचणी झाली असती, तर नळाचा दोष त्याच वेळी उघड होण्याची शक्यता होती.

१ जून १९७४

तो शनिवार होता. दुरुस्तीसाठी दोन-तीन दिवस बंद ठेवलेला कारखाना त्या पहाटे पुन्हा सुरू करण्यात आला होता. दुपारी ४ वाजून ५३ मिनिटांनी सायक्लोहेक्झेनच्या वाफेच्या प्रचंड ढगाचा स्फोट झाला. मिनिटाभराच्या आत टनावारी द्रव बाहेर पडून त्याची वाफ झाली होती आणि तिला ठिणगी मिळाली होती. कारखान्यातली २८ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतली १८ नियंत्रण-कक्षात होती. तेथून एकही जण वाचला नाही. ३६ कामगार जखमी झाले. आसपासच्या गावांतील सुमारे १,८०० घरांची नासधूस झाली आणि आग पुढे कित्येक दिवस धुमसत होती. सुटीचा दिवस नसता तर कार्यालयात आणखी कितीतरी माणसे असती.

सरकारने नेमलेल्या चौकशी न्यायालयाने १९७५ मध्ये अहवाल दिला. तो वाकडा नळच निखळला असा त्याचा निष्कर्ष होता. नेमकी सुरुवात कोठे झाली, याविषयी पुढे तज्ज्ञांनी आणखीही तर्क मांडले. पण नळाची रचना चुकीची होती आणि ती कोणी तपासली नव्हती, याबद्दल दुमत नाही.

दुसरी नजर कोठे होती?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. इतका सोपा हिशेब इतक्या शिकलेल्या माणसांना कसा सुचला नाही?

पहिले कारण असे, की कारखान्याच्या प्रमुख यांत्रिकी अभियंत्याची जागा त्या वर्षाच्या सुरुवातीपासून रिकामी होती. उरलेले अभियंते रसायन किंवा विद्युत शाखेचे होते. आपापल्या विषयात ते हुशार होते. पण वाकड्या नळावर काय काय जोर येतात हा प्रश्नच त्यांच्या मनात उमटला नाही. ज्याचे उत्तर येत नाही तो प्रश्न आपण दुसऱ्याला विचारतो. जो प्रश्न सुचलाच नाही, तो कोणाला विचारणार?

दुसरे कारण घाईचे. कारखाना बंद म्हणजे दररोज नुकसान. ज्यांच्यावर उत्पादनाची जबाबदारी होती, त्यांनीच नळ सुचवला, त्यांनीच जोडला आणि तो ठीक आहे असेही त्यांनीच ठरवले. तुमची उत्तरपत्रिका तुम्हालाच तपासायला दिली तर काय होईल? तुम्ही प्रामाणिक असलात तरी, गणित सोडवताना जी चूक नजरेतून सुटली, तीच तपासताना पुन्हा सुटेल. म्हणून पेपर तपासायला दुसरे कोणी लागते.

तिसरे कारण कायद्याचे. वाफेच्या बॉयलरमध्ये फेरफार करायचा तर त्यासाठी नियम होते. पण त्याहून कितीतरी घातक द्रव बाळगणाऱ्या रासायनिक टाक्यांना आणि नळांना ते लागू नव्हते. एवढेच काय, त्या कारखान्याला ज्वालाग्राही द्रव साठवण्याचा जो परवाना होता, तो ७,००० गॅलन नॅप्था आणि १,५०० गॅलन पेट्रोल यांपुरता होता. प्रत्यक्षात तेथे ३,३०,००० गॅलनपर्यंत सायक्लोहेक्झेन साठवता येत होते. कारखाना वाढला होता, पण त्याच्यावरची नजर वाढली नव्हती.

बॉयलरने शिकवलेला धडा

बॉयलरसाठी वेगळे नियम का होते? कारण तो धडा शंभर वर्षांपूर्वीच शिकून झाला होता. वाफेच्या यंत्रांचा प्रसार झाला तसे बॉयलर फुटू लागले. इंग्लंडच्या मँचेस्टर शहरात १८५४-५५ च्या सुमारास वाफयंत्रे वापरणाऱ्यांनी एक संघ स्थापला. विल्यम फेअरबर्न हा नामांकित अभियंता त्यात पुढे होता. संघाचे तपासनीस सभासदांच्या गिरण्यांत जाऊन ठरावीक मुदतीने बॉयलर तपासत. हा तपासनीस त्या गिरणीचा नोकर नसे. गिरणी थांबली तर त्याचे काही बुडत नसे. त्यामुळे ‘हा बॉयलर पेटवू नका’ असे तो सांगू शके.

आपल्या देशातही असेच घडले. १८६३ मध्ये कलकत्त्याला बॉयलरचा मोठा स्फोट होऊन माणसे दगावली. पुढच्याच वर्षी बंगाल प्रांतात बॉयलर-तपासणीचा कायदा आला. निरनिराळ्या प्रांतांचे निरनिराळे कायदे मागाहून १९२३ च्या अखिल भारतीय कायद्याने एकसूत्री केले.

फ्लिक्सबरोच्या चौकशी न्यायालयाने हेच सूत्र पुढे नेले. कारखान्यातला कोणताही फेरफार मूळ यंत्रणेच्या तोडीने आखला, बांधला, तपासला आणि सांभाळला जावा; बॉयलरच्या फेरफारांसाठी असलेले नियम घातक रसायने बाळगणाऱ्या दाबाच्या यंत्रणांनाही लावावेत; आणि महत्त्वाच्या अभियंत्याची जागा रिकामी असेल तेव्हा निर्णय घेताना अधिक सावध राहावे, असे त्याने सुचवले. ‘तात्पुरते’ या शब्दाला सवलत नाही, कारण आतला दाब तात्पुरता नसतो.

भारतात १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्याच्या जागेची पाहणी करण्यासाठी समितीची तरतूद तीत होती. ही पाहणी नव्या कारखान्याप्रमाणेच जुन्या कारखान्याच्या विस्तारासाठीही सांगितली होती.

विस्ताराच्या वेळी अधिक दक्षता का?

नवा कारखाना उभारताना सारे काही कोऱ्या कागदावर आखलेले असते. विस्तारात तसे नसते. जुन्या पायावर नवे यंत्र बसते, जुन्या नळातून जादा द्रव जातो, आणि हे सारे बहुधा शेजारचा जुना विभाग चालू असतानाच करावे लागते. जुनी सुरक्षा-झडप जुन्या मापाला पुरेशी होती, नव्या मापाला पुरेल का? जुना पाया नव्या टाकीचे वजन पेलील का? नवी टाकी कामगारांच्या कक्षाच्या फार जवळ तर येत नाही ना? साखर कारखान्याची गाळप क्षमता वाढवताना असोत, की खत कारखान्यात नवा विभाग जोडताना असोत, प्रश्न याच जातीचे असतात.

स्वतंत्र अभियंता या कामात टप्प्याटप्प्याने लक्ष घालतो. आधी तो आराखडा आणि हिशेब पाहतो. मग आलेले पोलाद मागवलेल्याच प्रतीचे आहे का, याचे दाखले तपासतो. सांधे वितळजोड केलेले असतील, तर क्ष-किरणांनी किंवा श्राव्यातीत ध्वनीने आतले दोष शोधून घेतो. दाब-चाचणी स्वतःच्या डोळ्यांदेखत करवतो. शेवटी, बांधलेले काम आराखड्याप्रमाणेच झाले आहे का, हे ताडून पाहतो. यातल्या कोणत्याही टप्प्यावर ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार त्याला हवा. त्याचा पगार किंवा बढती उत्पादनाच्या आकड्यावर अवलंबून असेल, तर तो अधिकार कागदावरच राहतो.

अर्थात, स्वतंत्र तपासनीस म्हणजे जादूची कांडी नाही. त्याला त्या विषयाचे ज्ञान हवे. जागेवर न जाता शिक्का मारणारा तपासनीस नसल्यासारखाच. आणि फेरफार झाल्याचे त्याला कळवलेच नाही, तर तो तपासणार तरी काय? फ्लिक्सबरोचा नळ दोन महिने सर्वांच्या डोळ्यांसमोर होता, पण बाहेरच्या कोणाला तो दाखवलेला नव्हता. म्हणून ‘अमुक बदल करत आहोत’ अशी लेखी नोंद आणि तिच्यावर जाणकाराची सही, ही देखरेखीची पहिली पायरी मानली जाते.

शिक्षक मित्रांनी बाकाचा प्रयोग बलयुग्माच्या धड्याबरोबर जरूर घ्यावा. एरवी रुक्ष वाटणारा हा धडा मुलांच्या लक्षात राहील. आणि विद्यार्थी मित्रहो, शाळेची सहल एखाद्या कारखान्यात गेली, तर यंत्रांचा आकार पाहून थक्क होण्याबरोबरच मार्गदर्शकाला तीन प्रश्न विचारा. या बॉयलरची शेवटची तपासणी केव्हा झाली? ती कोणी केली? आणि त्यानंतर येथे काय बदलले? चांगल्या कारखान्यात या तिन्ही प्रश्नांची उत्तरे नोंदवहीत लिहिलेली सापडतात आणि ती दाखवताना तिथल्या माणसांना अभिमानच वाटतो.